खिदमत : कोणाचा हक, कोणाचा अहसान?

माणूस अंथरुणाला खिळला की त्याच्या शरीराच्या दुखण्याची चौकशी सगळे करतात. ते दुखणे सांगताही येते. घोटा ठणकतो, टाके ओढतात, रात्री झोप लागत नाही, असे सांगितले की समोरच्याला कळते. पण त्याच्यासोबत दुसरे एक दुखणे येते. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर नसतो आणि तो कोणाकडे तरी मागावा लागतो. दिवसातून वीस वेळा मागावा लागतो. या दुखण्याची चौकशी कोणी करत नाही.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून मी घसरले. उजव्या पायाचा घोटा मोडला. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला, हाडाला प्लेट आणि स्क्रू बसवले आणि चौथ्या दिवशी मला घरी सोडले. सूचना सोप्या होत्या. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे सूज उतरते. बोटे सारखी हलवत राहायची, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती. टाके दोन आठवड्यांनी निघतील. या सूचना मला होत्या. त्या पाळण्यासाठी आणखी एक माणूस चोवीस तास घरात लागेल, हे कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

आम्ही मारुंजीला राहतो. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कच्या शेजारी आहे. त्यामुळे शेतांच्या जागी पाहता पाहता इमारती उभ्या राहिल्या. इथली बरीच कुटुंबे आमच्यासारखीच बाहेरून आलेली. सकाळी नऊनंतर जिन्यात चिटपाखरू नसते. माझे पती चाकणच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. जुन्या मोहल्ल्यात एखादी बाई पडली तर एका घरून भाकरी येते, दुसऱ्या घरातली मुलगी भांडी घासून जाते. सेवेचा भार दहा घरांत वाटला जातो. इथे दारे बंद असतात, म्हणून तो सगळा एका माणसावर येतो. आमच्या घरी तो जुन्नरहून आलेल्या माझ्या सासूबाईंवर आला. अम्मींचे वय सहासष्ट. दोन्ही गुडघे इतके दुखतात की त्या स्वतः खुर्चीवर बसून नमाज पढतात.

त्या सहा आठवड्यांत एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. आजाऱ्याची खिदमत करण्याचे पुण्य आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते. जुम्म्याच्या बयानात येते, शाळेच्या पुस्तकात येते. पण खिदमत घेणाऱ्याचे काय? त्याच्यावर काही जबाबदारी असते की नाही? की त्याने फक्त पडून राहायचे, आणि बरे झाल्यावर आयुष्यभर उपकाराखाली वाकून राहायचे?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून माझी सवय आधी शब्दाकडे पाहण्याची. उर्दूत आजाऱ्याला भेटायला जाणे म्हणजे अयादत, आणि आजाऱ्याजवळ राहून त्याचे सगळे करणे म्हणजे तीमारदारी. फारसीत तीमार म्हणजे काळजी. जुन्या फारसीत त्याचा अर्थ दुःख असाही होतो. म्हणजे तीमारदार तो, जो दुसऱ्याचे दुःख हातात धरून बसतो. अयादत पंधरा मिनिटांची असते. तीमारदारीला घड्याळ नसते. आपल्या समाजात अयादत करणारे पुष्कळ आहेत. येतात, फळे ठेवतात, चहा घेतात, आणि तो चहाही तीमारदारालाच करावा लागतो.

दुसरा शब्द अहसान. हा अरबीतून आलेला. त्याच्या धातूत सुंदरतेचा अर्थ आहे. इहसान म्हणजे एखादी गोष्ट तिच्या उत्तम रूपात करणे. फरिश्ता जिब्रील यांनी पैगंबरांना (स.) इमान, इस्लाम आणि इहसान यांविषयी विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. तिच्यात इहसानचा अर्थ, आपण अल्लाहला पाहत आहोत अशा भावनेने इबादत करणे, असा सांगितला आहे. तोच शब्द आपल्या बोलीत आला आणि त्याचे ओझे झाले. आपण म्हणतो, त्याचा अहसान चढला, अहसान फेडायचा आहे, अहसान जतवू नकोस. सौंदर्याचा शब्द कर्जाच्या वहीत कसा गेला? मला वाटते, यात देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही दोष आहे. दिलेली गोष्ट आपण कर्ज म्हणून घेतो, मग ती कर्जच होते.

शरीराच्या बाबतीत आपला दीन किती उदार आहे, हे आजारपणात कळते. प्लास्टरवर पाणी घालता येत नाही, तर ओला हात त्यावरून फिरवा, वुजू झाला. उभे राहता येत नाही, तर बसून नमाज पढा. बसताही येत नाही, तर कुशीवर पडून पढा. ही सवलत हजरत इमरान बिन हुसैन (र.) यांना त्यांच्या आजारात मिळाली आणि ती सगळ्यांसाठी झाली. सजद्यासाठी कपाळ जमिनीला टेकत नसेल तर मानेचा इशारा पुरतो. याला रुखसत म्हणतात. रुखसत घेणारा माणूस कमी दर्जाचा मुसलमान ठरत नाही. त्याच्या नमाजेचे मोल घटत नाही.

सूरह नूरची एकसष्टावी आयत मी पूर्वी अनेकदा वाचली होती, पण तिचा क्रम माझ्या लक्षात आला नव्हता. आंधळ्यावर, पांगळ्यावर आणि आजाऱ्यावर काही दोष नाही, असे ती आरंभी सांगते. मग लगेच घरांची यादी येते. आपले घर, बापाचे, आईचे, भावाचे, बहिणीचे, चुलत्याचे, आत्याचे, मामाचे, मावशीचे, मित्राचे. या घरांत जेवण्यात दोष नाही. पांगळेपण आणि दुसऱ्याच्या घरचे जेवण या दोन गोष्टी एकाच आयतीत का आल्या, याचा खुलासा तफसीरकारांनी वेगवेगळ्या प्रकारे केला आहे. मला अंथरुणावर जो अर्थ लागला तो साधा आहे. ज्याचा पाय चालत नाही त्याला कोणाच्या तरी हातचे खावे लागणार. त्याने ते ओशाळून खाऊ नये, आणि वाढणाऱ्यानेही त्याला भिकारी समजू नये.

तरीही मी ओशाळत होते. पहिल्या आठवड्यात कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवलेली होती आणि भांडे अम्मी उचलून नेत होत्या. मी तोंड भिंतीकडे करून पडत असे. पाणी कमी प्यावे म्हणजे त्यांना कमी उठावे लागेल, असा हिशेब मी केला. ते डॉक्टरांच्या सांगण्याविरुद्ध होते आणि माझ्या शरीराला धोक्याचेही. शरियतने दिलेली रुखसत मी नमाजेत घेतली, पण माणसांत घेऊ शकले नाही. याचे कारण काय?

कारण जुने आहे आणि ते एकट्या माझे नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात थोर मनाच्या माणसाचे चित्र काढले आहे. हा माणूस दुसऱ्यावर उपकार करतो, पण उपकार घेण्याची त्याला लाज वाटते, कारण देणारा वरचा आणि घेणारा खालचा. ॲलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९९९ साली आपल्या एका पुस्तकात यावरच आक्षेप घेतला. माणूस जन्मतो तेव्हा परावलंबी असतो, म्हातारपणी परावलंबी होतो, आणि मधल्या काळातही केव्हाही होऊ शकतो. मग परावलंबनाची लाज बाळगणारी नीती ही अर्ध्याच माणसाची नीती झाली. शाळेत आपण मुलांना ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ असे शिकवतो. मीही शिकवते. पाय मोडल्यावर कळले की या धड्याला दुसरा भागही हवा होता.

आपल्याकडे तो आहे. एक हदीस-ए-कुदसी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील की मी आजारी होतो तेव्हा तू मला भेटायला का आला नाहीस. बंदा चकित होईल. सगळ्या जगाचा पालनकर्ता आजारी कसा पडेल? तेव्हा सांगितले जाईल की अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला तिथेच सापडलो असतो. या हदीसवर बोलताना आपण भेटायला जाणाऱ्याचे कर्तव्य सांगतो आणि थांबतो. मला तिच्यात दुसरी बाजू दिसते. अल्लाहने आपला पत्ता दिला तो बिछान्याजवळचा. ॲरिस्टॉटलचा थोर माणूस जिथे पडायला लाजतो, ती जागा इथे लाजेची राहत नाही.

पण लाज गेली म्हणजे प्रश्न संपत नाही. उलट दुसरा धोका सुरू होतो. दुसऱ्या आठवड्यात मी हाक मारायला शिकले, आणि तिसऱ्या आठवड्यात हुकूम सोडायला. ‘अम्मी, पंखा कमी करा. अम्मी, ही उशी नको, ती द्या. चहा गार झाला.’ माझ्या आवाजातला फरक मला कळला नाही. मुलीला कळला. ती म्हणाली, ‘अम्मी, तुम्ही दादीला सारखे उभे का करता?’

तेव्हा मला अबू दाऊदच्या संग्रहातली एक हदीस आठवली. हजरत जाबिर (र.) सांगतात, मदिनेत पैगंबर (स.) घोड्यावर बसले असता घोड्याने त्यांना खजुरीच्या बुंध्यावर पाडले आणि त्यांच्या पायाला दुखापत झाली. सहाबा भेटीला गेले तेव्हा ते हजरत आयेशा (र.) यांच्या खोलीत बसून नमाज पढत होते. पुन्हा गेले तेव्हा ते बसून फर्ज नमाज पढवत होते आणि सहाबा त्यांच्या मागे उभे राहिले. त्यांनी इशारा केला, तसे सगळे बसले. नमाज झाल्यावर त्यांनी समजावले की इराणचे लोक आपल्या मोठ्या माणसांसमोर जसे उभे राहतात तसे करू नका. पुढे फिकहच्या पंडितांनी, पैगंबरांच्या अखेरच्या आजारातल्या नमाजेचा दाखला घेऊन, बसलेल्या इमामामागे उभे राहण्यासंबंधी वेगवेगळी मते दिली. तो तपशील त्यांचा. मला त्या प्रसंगातली काळजी महत्त्वाची वाटते. पाय दुखावला म्हणून एक माणूस बसला आहे आणि बाकीचे उभे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला तो आजारी दिसेल की बादशहा? आजाऱ्याची खाट आणि राजाचे तख्त यांत उंचीचा फारसा फरक नसतो. ज्यांच्यासमोर उभे राहायला सगळे राजी होते, त्यांनीच सगळ्यांना खाली बसवले.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. अम्मींनी काही आणून दिले की आधी म्हणायचे, ‘बसा थोडे.’ त्या बसल्या की भाजी निवडणे, लसूण सोलणे, मुलाचा अभ्यास घेणे, जे पलंगावर बसून होईल ते मी करू लागले. काम फार हलके झाले असे नाही. पण आम्ही दोघी एका पातळीवर बसू लागलो, आणि बसल्यावर बोलू लागलो.

त्या बोलण्यातून मला माहीत नसलेली एक गोष्ट कळली. अम्मींनी त्यांच्या सासूची अकरा वर्षे सेवा केली होती. शेवटची चार वर्षे ती अंथरुणावरच होती. अंघोळ, कपडे, भरवणे, सगळे अम्मींनी केले. घरात तीन मुलगे होते. त्यांतल्या कोणी आईचे डोके धुतल्याचे अम्मींना आठवत नाही. मी विचारले, ‘कोणी कधी शुक्रिया म्हणाले?’ त्या हसल्या. ‘शुक्रिया किस बात का? बहू का फर्ज था.’

मी त्यांना सांगितले की हनफी उलमांच्या मते सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर कायद्याने बंधनकारक नाही. आईबापांची जबाबदारी त्यांच्या मुलांवर आहे. सून करते ते तिचे सद्वर्तन, तिचा अहसान. त्याचा तिला अज्र आहे, पण तो तिच्याकडून वसूल करण्याचा हक कोणाला नाही. अम्मी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मेरे कू किसी ने बोल्या नैं.’

या एका वाक्याने माझा प्रश्न बदलला. तोवर मी समजत होते की सेवेला अहसान म्हटले की घेणारा दबतो. आता दिसले की सेवेला अहसान न म्हटल्याने देणारी पुसली जाते. अम्मींनी आपल्या मनाच्या मोठेपणाने जे दिले, ते घराने कर म्हणून गोळा केले. कराची पावती मिळते. आभार कोणी मानत नाही. आपल्या समाजात बायकांची बहुतेक सगळी खिदमत अशी फर्जच्या खात्यात टाकलेली आहे. ती फर्ज ठरली की बाकीचे मोकळे होतात. मुलगे मोकळे होतात, ज्यांच्यावर ती खरोखर फर्ज होती. आणि करणारीलाही वाटत राहते की आपण विशेष काही केले नाही. शरियतने जे तिच्या नावावर ठेवले, ते रिवाजाने काढून घेतले. मराठी मुलुखात हे फक्त मुसलमान घरांत होते असे नाही; शेजारच्या घरीही सुनेचे तेच असते. पण आपल्याकडे निदान दाखवायला फिकहचा आधार आहे, आणि तो आपण बायकांपर्यंत पोहोचू दिला नाही, हा आपला अपराध अधिक.

म्हणून घेणाऱ्याचे पहिले काम मला असे वाटते की त्याने मिळालेल्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी. इमाम गजालींनी ‘इह्या’मध्ये जकातीच्या प्रकरणात देणाऱ्याबरोबर घेणाऱ्याचेही आदाब सांगितले आहेत. घेणाऱ्याने देणाऱ्याचे आभार मानावेत, त्याच्यासाठी दुआ करावी, आणि दिलेल्या वस्तूत काही उणे असेल तर ते झाकावे. चहात साखर जास्त पडली तर बोलू नये. हे मला पटले आणि मी पाळलेही. पण उणे झाकताना आपण आणखी काय काय झाकतो, हा पुढचा प्रश्न होता. तो चौथ्या आठवड्यात आला.

पायाला तेल लावताना अम्मी म्हणाल्या, ‘नोकरी छोड दे बेटा.’ त्यांचे म्हणणे असे की घाईगडबडीत पळावे लागते म्हणून मी पडले, मुलांकडे लक्ष राहत नाही, घरात खायला कमी नाही. माझे मत अगदी उलट आहे. बी.एड. करून मी या कामात आले ते पगारासाठी आणि पगारापलीकडच्याही कारणांसाठी. उर्दू शाळेतल्या मुलींना समोर शिकलेली, कमावती बाई रोज दिसणे, हा मी शिकवते त्यांतला एक मोठा धडा आहे. पण माझा पाय त्यांच्या मांडीवर होता. मी म्हणाले, ‘देखेंगे.’

ते खोटे होते. मला पाहायचे काहीच नव्हते. माझे ठरलेले होते. रात्री मला झोप आली नाही. ज्या बाईने माझे भांडे उचलले तिला ‘नाही’ म्हणणे कृतघ्नपणा होईल का? की तिला खोटे सांगणे हाच कृतघ्नपणा? सेवेच्या बदल्यात माझे मत मी मनातल्या मनात गहाण टाकले होते, आणि अम्मींनी तर ते मागितलेही नव्हते. त्यांनी फक्त आपले म्हणणे मांडले होते. कर्जाची वही मीच उघडली होती.

दर ३ जानेवारीला शाळेत मी मुलांना सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख यांच्याविषयी सांगते. त्यासाठी डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय माझ्याकडे आहे. त्यात जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावला होत्या. हे पत्र मी भाषणापुरते पुष्कळदा वाचले होते. अंथरुणावर पडून वाचले तेव्हा दिसले की ते एका आजारातून उठणाऱ्या बाईचे पत्र आहे.

त्या कळवतात की आता आपली प्रकृती ठीक झाली आहे आणि भावाने आपली शुश्रूषा फार मेहनतीने, मायेने केली. पण याच भावाने त्यांना बोल लावले. तू आणि तुझा नवरा महारमांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारे आहे, भटजी सांगतील तसे वागावे, असे तो म्हणाला. सावित्रीबाई नुकत्या बऱ्या होत होत्या. ज्या हातांनी त्यांना औषध दिले त्याच हातांच्या धन्याला उत्तर द्यायचे होते. त्या गप्प बसल्या नाहीत, आणि त्याच्या सेवेचा उल्लेखही त्यांनी गाळला नाही. तू गाईबकऱ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसांना अस्पृश्य का समजतोस, असे त्यांनी त्याला विचारले. एकाच पत्रात भावाच्या मायेची साक्ष आहे आणि भावाच्या संकुचित मनाविषयीचे परखड मतही आहे. एकाने दुसरे खोडले जात नाही. शेवटी भावाला पश्चात्ताप झाला, असे पत्र सांगते.

याच पत्रात आणखी एक ओळ आहे, जिच्यामुळे आपल्या समाजाला ते विशेष जवळचे वाटावे. माझ्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे सावित्रीबाई लिहितात. फातिमा शेख यांच्याविषयी लिखित कागद फार थोडे उरले आहेत, म्हणून या उल्लेखाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. मला त्याचे नैतिक मोलही तेवढेच वाटते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस सगळ्यांना दिसतो. पण त्याच वेळी दूर कुठेतरी आजाऱ्याचे काम दुसरे कोणी तरी ओढत असते. ते त्याला दिसत नाही. सावित्रीबाईंनी नायगावच्या अंथरुणावरून पुण्याची शाळा पाहिली, आणि तिथे एकटीवर पडलेला भार पाहिला. आजारी माणूस स्वतःपुरता होतो, असे म्हणतात. तो तसा व्हायलाच हवा असे नाही, हे त्या ओळीने दाखवले.

मी ती ओळ वाचली आणि माझ्या शाळेतल्या एका आपांची मला शरम वाटली. महिनाभर त्या माझा आणि स्वतःचा, असे दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवत होत्या. मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता. रजेचा अर्ज मंजूर झाला म्हणजे हिशेब मिटला, असे मी धरले होते. त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला. कोणता धडा कुठवर आला ते विचारले आणि प्रश्नपत्रिका काढण्याचे व वह्या तपासण्याचे काम घरी मागवून घेतले. वह्या तपासायला पाय लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अम्मींनाही खरे सांगितले. नोकरी सोडणार नाही, असे सांगितले आणि का, तेही सांगितले. त्यांना पटले नाही. नायगावच्या भावासारखा पश्चात्ताप त्यांना झाला नाही. होण्याचे कारणही नव्हते. आमच्या दोघींची आयुष्ये वेगळी आहेत. त्या रात्री त्या फार बोलल्या नाहीत. सकाळी फजरनंतर नेहमीसारखा चहा आला, साखर नेहमीइतकीच जास्त. तेव्हा मला कळले की ही खिदमत माझ्या होकारावर टांगलेली नव्हती. मी खोटे बोलत राहिले असते तर हे मला कधीच कळले नसते.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सगळ्यांना असा तीमारदार मिळत नाही. काही घरांत सेवा करणारा रोज सेवा ऐकवतो, आणि आजाऱ्याला खरे बोलणे परवडत नाही. सदका ऐकवून आणि दुखवून वाया घालवू नका, असे सूरह बकरहमध्ये बजावले आहे. खिदमतीलाही ते लागू आहे. तशा घरात पडलेल्या माणसाला ‘खरे बोला’ असा उपदेश करणे सोपे नाही, आणि मी तो करत नाही. पण अशी घरे कमी व्हायची असतील तर सेवा एकाच माणसाच्या गळ्यात पडता कामा नये. जो एकटा ओढतो तो कधीतरी बोलून दाखवणारच.

म्हणून पाचव्या आठवड्यात आम्ही कामे वाटली. पतींनी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक धरला. अकरा वर्षांच्या मुलाने माझे भांडे उचलले. पहिल्या दिवशी त्याने नाक धरले. तिसऱ्या दिवशी धरले नाही. अम्मींना ते खटकले. मुलग्याने हे काम करावे का? मी त्यांना हजरत आयेशा (र.) यांची रिवायत सांगितली. पैगंबर (स.) घरात काय करत, असे कोणी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजेची वेळ झाली की उठून जात. यावर अम्मींना काही म्हणता आले नाही. उद्या या मुलाला आपल्या आईबापाची सेवा करायची आहे, आणि तेव्हा ती आपोआप त्याच्या बायकोकडे जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. पाय काठीसारखा बारीक झाला होता. वॉकर धरून पहिले पाऊल टाकताना अम्मी पाठीशी उभ्या होत्या आणि त्यांचे स्वतःचे गुडघे थरथरत होते. त्या दिवसांत आम्ही दोघी जोहरची नमाज एकाच खोलीत पढत असू. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोघींचा सजदा मानेच्या इशाऱ्याने.

जुन्नरला परत जाण्याच्या आदल्या रात्री मी त्यांना म्हणाले की आता गुडघ्यांचे ऑपरेशन करून घ्या आणि बरे होईपर्यंत इथेच राहा. त्यांनी विचारले, ‘और तेरी नोकरी?’ मी म्हणाले, नोकरी राहील, रजा घेईन, तुमचा मुलगाही घेईल, नातूही भांडे उचलेल. अम्मींनी पिशवीची गाठ मारली, माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, ‘देखेंगे.’